किटली लावतेय!

चहा करायचा तर स्टेला ह्रिन्युकला आधी ओरडावं लागे.

"किटली लावतेय!"

मग पुढच्या खोलीत तिचा नवरा नेस्टर टीव्ही बंद करी. वरच्या मजल्यावर कुणी असेल तर तो दिवा मालवी. तळघरात कपडे वाळवायचं यंत्र फिरत असेल तर ते थांबवायला कुणीतरी जिना उतरे. चहूकडून "झालं!" असं उत्तर आलं की मगच स्टेलाने बटण दाबायचं. एखादं "झालं" यायचं राहिलं आणि तिने घाई केली, की तळघरातल्या जुन्या पेटीतला फ्यूज उडे, घर अंधारात बुडे आणि नेस्टर विजेरी घेऊन पायरीगणिक उसासा टाकत खाली जाई. तो वर येईपर्यंत स्टेलाने किटलीतलं कोमट पाणीच कपात ओतून घेतलेलं असे, कारण पुन्हा ओरडायचा तिला कंटाळा आलेला असे. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती असा चहा पीत होती. तक्रार करायची तिची शक्ती कधीच संपली होती, पण आठवण मात्र शाबूत होती.

घर नेस्टरच्या वडिलांनी बांधलेलं, कॅनडात, मॅनिटोबातल्या डॉफिन गावात. तिथला हिवाळा चार दिवस येऊन जाणाऱ्या पाहुण्यासारखा नाही, घरजावयासारखा मुक्काम ठोकून राहतो. त्या थंडीत गाडीच्या इंजिनालाही ऊब लागते. प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते, ती उतरल्याबरोबर सॉकेटला लावली नाही तर परत जाताना गाडी चालू होत नाही. म्हणून या गावात दार उघडणारा माणूस "कसे आहात" म्हणायच्या आधी "गाडी लावलीत का विजेला?" असं विचारतो. पाहुण्याला सॉकेट नाकारणं म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं.

आणि ह्रिन्युकांच्या घरात तर यजमानाच्या किटलीलाच सॉकेट पुरत नव्हतं.

शरद ऋतूत विमा कंपनीच्या एका मुलीचा फोन आला. घरातल्या वायरिंगचं वय काय, असं तिने गोड आवाजात विचारलं. "माझ्यापेक्षा थोरली आहे," नेस्टर अभिमानाने म्हणाला. मुलगी तितक्याच गोड आवाजात म्हणाली, की हिवाळा संपेपर्यंत वायरिंग बदलून घ्या, नाहीतर आम्हाला तुमच्या घराचा विमा ठेवता येणार नाही. म्हणून गार्थ नावाचा इलेक्ट्रिशियन बघून जायला आला. तो पेटीपुढे बराच वेळ उभा राहिला. त्याची पाठ दुखत होती, दिवसभरातलं हे त्याचं शेवटचं घर होतं आणि त्याला लवकर कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ, खेळायला जायचं होतं.

"कापडात गुंडाळलेली तार आहे," तो म्हणाला. "आणि भिंतीत थंडी अडवायला काय भरलंय?"

"लाकडाचा भुसा. आमच्या बाबांनी स्वतः भरला. एकदम कोरडा."

गार्थने डोळे मिटले. "नेस्टर, हे सगळं काढायला लागेल."

"पण आजवर काही झालेलं नाही."

"काही झालं असतं तर मी इथे आलोच नसतो," गार्थ म्हणाला आणि खेळायला गेला.

भिंती फोडायची कल्पनाच नेस्टरला सोसेना. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या ताब्यात ती पेटी तेवढी उरली होती. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, कुठला नाजूक, कुठला निगरगट्ट, हे जगात त्यालाच ठाऊक होतं. नवीन पेटीत बोटाने खटका वर केला की काम भागणार. मग या घरात नेस्टरचं काम काय?

त्याने विषय टाळला. डिसेंबर आला, तरी टाळतच राहिला. शेवटी एके दिवशी स्टेला कोमट कप घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"यंदाची पवित्र संध्याकाळ आपल्याकडे करायची," ती म्हणाली.

ह्रिन्युक मूळचे युक्रेनचे, आणि युक्रेनियन लोकांचा नाताळ जानेवारीत, बाकीच्या गावाची नाताळची झाडं कचऱ्यात गेल्यावर येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की घरातले सगळे एकत्र जेवायला बसतात.

"डोरीनकडे असते ना दर वर्षी," नेस्टर म्हणाला. डोरीन ही त्याची बहीण.

"डोरीनकडे असते कारण आपल्याकडे दिवे जातात. मागच्या वर्षी तिने मला तिचं स्वयंपाकघर दाखवलं. पुन्हा. ओव्हन चालू, टोस्टर चालू, किटली चालू. मला म्हणते, 'स्टेला, इथे ओरडावं लागत नाही हं.' माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. हात, नेस्टर!"

"ती लहानपणापासून तशीच आहे."

"मी थकलेय रे. मला भांडायचं नाहीये. एकच सांगते. त्या संध्याकाळी फ्यूज एकदा जरी उडाला तर गार्थला बोलवायचं आणि सगळं घर नव्याने करायचं. नाही उडाला, तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. मरेपर्यंत."

नेस्टरने त्या शांततेची कल्पना करून पाहिली आणि तो लगेच हो म्हणाला.

ठरलेल्या दिवशी बाहेर उणे छत्तीस होतं आणि हवेत बर्फाचं धुकं होतं. स्टेलाने आदल्या दिवसापासून एकेक पदार्थ करून ठेवला होता, कारण ओव्हन आणि शेगडी यांना ती कधीच एकत्र नांदवू शकली नव्हती. बीटाचं सार, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, बटाटा भरलेल्या पेरोगी, मासे, आणि गहू, मध, खसखस यांची कुट्या. बारा पदार्थ, मांस नाही. टेबलावर चादरीखाली गवत पसरलं होतं, मधोमध वेणीच्या पावात मेणबत्ती खोचली होती, आणि एक ताट रिकामं मांडलं होतं. ते वाट चुकून दारात येणाऱ्या परक्या माणसासाठी असतं.

नेस्टरचीही तयारी झाली होती. पहाटेच तळघरात जाऊन त्याने पंधरा अँपिअरचे फ्यूज काढले आणि त्या जागी तीसचे बसवले. आता ते उडणार नव्हते. गार्थने नेमकं हेच करू नकोस म्हणून बजावलं होतं, कारण मग फ्यूज गार राहतो आणि भिंत तापते. पण गार्थ पैजेत नव्हता.

राहिल्या गाड्या. नेस्टरची एक, बहिणीचा ट्रक आणि विनिपेगहून येणाऱ्या मुलीची, लेस्याची, एक. तीन इंजिनं आपल्या पेटीला झेपायची नाहीत हे त्याला कळत होतं. त्याने शेजारी रेमीला फोन लावला. रेमी फिलिपिन्सची, इथल्या इस्पितळात नर्स. दोन वर्षांपूर्वी तिने म्हाताऱ्या वॉल्टरचं घर गॅरेजसकट विकत घेतलं होतं.

"काका, विचारताय काय? माझ्या गॅरेजमधून घ्या की," रेमी इस्पितळातूनच म्हणाली. "मी संध्याकाळी येईन. तोवर सगळी सॉकेटं तुमची."

नेस्टर खुशीत येऊन लांबलचक वायरी कुंपणावरून पलीकडे टाकू लागला. स्टेला शाल गुंडाळून मागच्या दारात आली.

"नेस्टर, अरे, वॉल्टरच्या गॅरेजची वीज..."

"स्टेला!" तो बर्फातूनच ओरडला. "आजचा दिवस तरी मला वीज शिकवू नकोस!"

स्टेलाने तोंड मिटलं. तिने वायरींकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती दार लावून आत गेली.

चारच्या सुमाराला पाहुणे आले. डोरीन आत शिरली ती छताकडे बघतच. तिचा नवरा ओरेस्ट भुकेला होता. तो नेहमीच भुकेला असे.

"गाडी लावलीत का?" नेस्टरने रुबाबात विचारलं.

"लावली. पण शेजारणीच्या सॉकेटला का रे?" डोरीनने विचारलं. "आपल्या भावाकडे आल्यावर दुसऱ्याच्या विजेवर?"

"तिच्याकडे भरपूर आहे."

"ते दिसतंच आहे. आमच्याकडेही भरपूर आहे, पण तुम्हाला यायला नको असतं."

तेवढ्यात लेस्याने कोट काढता काढता जेवणाच्या खोलीतल्या भिंतीला हात टेकला आणि पटकन उचलला.

"बाबा, ही भिंत कोमट लागतेय."

"घराची भिंत आहे. घर उबदार असायलाच हवं."

"नाही, म्हणजे इथेच. बाजूला गार आहे."

"तिथे तुझी आजी खुर्ची टाकून बसायची," नेस्टर म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

आता तारा दिसायची तेवढी खोटी होती. पण धुक्यात समोरचा रस्ता दिसेना, तिथे आकाश कुठलं दिसणार? ओरेस्ट खिडकीला नाक लावून उभा होता. सार निवत होतं. स्टेलाने ते पुन्हा तापवायला ठेवलं आणि मासे ओव्हनमध्ये सरकवले. ओव्हन आणि शेगडी दोन्ही एकदम चालू! ती श्वास रोखून उभी राहिली. दिव्यांनी डोळासुद्धा मिचकावला नाही. नेस्टरने स्वयंपाकघरात डोकावून विजयी वीराचं हसू हसून घेतलं.

"दिसला!" ओरेस्ट ओरडला. "तारा दिसला! बसा, बसा!"

"कुठे?" डोरीन खिडकीशी धावली. "हा तर लाल आहे."

"लाल का असेना."

"आता हिरवा झाला! ओरेस्ट, तारा रंग बदलतो का?"

"माणूस उपाशी असला की बदलतो."

तो रेमीच्या खिडकीतला कागदी तारा होता. तिच्या देशात असे दिव्यांचे तारे नाताळ उलटून गेला तरी काढत नाहीत. पण सगळ्यांना भूक लागली होती आणि तारा म्हणजे तारा, असं ओरेस्टने ठरवून टाकलं. सगळे टेबलाभोवती उभे राहिले. नेस्टरने कुट्याचं भांडं उचललं. त्याने एकदा वरच्या दिव्याकडे आणि मग बायकोकडे असं काही बघितलं, की स्टेलाला ती मान खाली घालून पुढची सगळी वर्षं गप्प बसलेली दिसली.

त्याच वेळी रेमीची गाडी गल्लीत वळली. दमलेल्या रेमीने ती गॅरेजमध्ये घेतली, इंजिनाची वायर सॉकेटला लावली, आणि सकाळी बसताना सीट गार लागू नये म्हणून गाडीतला छोटा हीटरही लावून टाकला.

ह्रिन्युकांच्या तळघरात ठप्प असा आवाज झाला. असा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. दिवे गेले, ओव्हन गेला, भिंतींच्या आत सतत घुमणारा, घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखाही गेला. इतकी शांतता पसरली की ओरेस्टचं पोट सगळ्यांना ऐकू आलं.

नेस्टर भांडं ठेवून खिडकीपाशी गेला. रेमीच्या घरातला तारा लाल-हिरवा होत निवांत लुकलुकत होता. तिच्या गॅरेजवरचा दिवा मात्र गेला होता. आपल्या दिव्यांच्या जोडीनेच.

"हे कसं काय?" तो पुटपुटला.

विजेरी घेऊन तो खाली गेला, पण या खेपेला उसासे नव्हते. तीसचे फ्यूज ठणठणीत होते. उडाला होता तो त्यांच्या वरचा, अख्ख्या घराचा मुख्य फ्यूज. तो आयुष्यात कधी उडाला नव्हता, म्हणून तसला दुसरा त्याच्याकडे नव्हता. त्याच्या खणात इतर सगळे फ्यूज होते. हा नव्हता.

वर येऊन अंधारात त्याने जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर तळवा ठेवला. ती आता कोमट नव्हती, चांगली गरम होती. आत कापडात गुंडाळलेली तार होती आणि वडिलांनी भरलेला कोरडा भुसा. शेजारी मुलगी उभी होती. टेबलावर गवत पसरलेलं होतं. नेस्टर घाबरला. मनापासून घाबरला. भिंत हळूहळू निवत गेली तरी त्याला हात काढून घेववेना.

"भट्टी बंद म्हणजे नळ गोठतील," डोरीन अंधारात म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. हे तिच्याही आईबापांचं घर होतं.

मग सगळे कामाला लागले. ओरेस्टने तळघरातली जुनी लाकडाची शेगडी पेटवली. लेस्याने घरातले सगळे नळ बारीक धारेने सोडून दिले. नेस्टरने गार्थला फोन लावला. मागून कर्लिंगच्या दगडांचा आणि लोकांच्या आरडाओरड्याचा आवाज येत होता.

"मुख्य फ्यूज?" गार्थ म्हणाला. "तसला आता कुणाकडेच नसतो, नेस्टर. सकाळी शोधून आणतो. आणि मघाशी जे काय करत होतास ते पुन्हा करू नकोस."

गाड्याही आता विजेविना उभ्या होत्या, म्हणजे थोड्या वेळाने कुणाला घरीही जाता येणार नव्हतं. स्टेलाने मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांकडे पाहिलं आणि साराचं पातेलं उचललं.

"चला," ती म्हणाली. "ज्याच्या घरी तारा आहे त्याच्या घरी जाऊ."

पातेली, ताटल्या, वेणीचा पाव घेऊन पाच माणसं उणे छत्तीसमध्ये कुंपणाला वळसा घालून गेली. आजच्या संध्याकाळी दुसऱ्याच्या दारात मुकाट्याने उभं राहायचं नसतं, म्हणून ओरेस्टने नाताळचं गाणं सुरू केलं. रेमीने दार उघडलं तेव्हा ती घरातल्या चपला घालून, नूडल्सचा वाडगा हातात धरून उभी होती. एवढे गंभीर चेहरे, हातात भांडी आणि वर गाणं, हे बघून ती म्हणाली, "कोण गेलं?"

"वीज," नेस्टर म्हणाला.

रेमीने त्यांना आत ओढलं. ओरेस्टने गाड्यांच्या वायरी तिच्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावल्या. डोरीनने मासे तिच्या ओव्हनमध्ये ठेवले, लेस्याने पेरोगी मायक्रोवेव्हमध्ये. टीव्ही चालूच होता. एकेक बटण दाबलं जाई तसा नेस्टर दचके आणि छताकडे बघे. काही होत नव्हतं. स्टेलाने ते रिकामं ताटही आठवणीने आणलं होतं. ते तिने रेमीच्या पुढ्यात ठेवलं.

"हे परक्या माणसाचं ताट," ती म्हणाली.

"मावशी, हे माझं घर आहे. परके तुम्ही आहात."

"मग एकच ताट कुठं पुरणार? तूच घे."

जेवण झालं. ओरेस्ट प्रथमच भुकेला नव्हता. तेव्हा नेस्टर हळूच बायकोकडे वळला.

"आपली वीज गेली तेव्हा हिच्या गॅरेजचा दिवा का गेला?"

"कारण ते गॅरेज आपल्या पेटीवर चालतं," स्टेला म्हणाली. "वॉल्टरने गॅरेज बांधलं तेव्हा त्याच्या पेटीत जागा नव्हती. तुझ्या बाबांनी म्हटलं, आमच्यातून घे. जेवणाच्या खोलीच्या भिंतीतून वायर काढली आणि दोघांनी मिळून कुंपणाखाली चर खणला. तू तेव्हा रेल्वेच्या कामावर उत्तरेत होतास. मी नवीन नवरी होते, त्यांना चहा नेऊन देत होते."

"म्हणजे मी आज गाड्या आपल्या पेटीवरून काढून..."

"आपल्याच पेटीवर लावल्यास."

"अगं बाई!" रेमीने कपाळावर हात मारला. "म्हणूनच माझ्या गॅरेजची वीज अधूनमधून जायची होय! काका, दोन हिवाळे माझी गाडी तुमच्या विजेवर?"

नेस्टरने तिकडे लक्षच दिलं नाही. "तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते," स्टेला शांतपणे म्हणाली. "तू म्हणालास, आजचा दिवस तरी वीज शिकवू नकोस. मी कधी तुझ्या शब्दाबाहेर गेलेय?"

स्टेला उठून रेमीच्या ओट्यापाशी गेली. किटली होती. तिने ती भरली, जागेवर ठेवली, बटणाकडे हात नेला, आणि जन्मभराच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"किटली लावतेय!"

ओरेस्टने टीव्ही बंद केला. लेस्याने हातासरशी दिवा मालवला. नेस्टरने खिडकीतल्या ताऱ्याची वायर उपटली. आणि तीस वर्षं नव्या घरात राहणाऱ्या डोरीनने धावत जाऊन ओव्हन बंद केला.

"झालं!"

"झालं!"

"झालं, वहिनी!"

रेमी अंधारात काटा हातात धरून बसली होती. "माझीही गेली का?" तिने घाबरून विचारलं. सगळ्यांना एकदमच कळलं होतं आपण काय केलं ते. किटलीचा निळा दिवा तेवढा चालू होता आणि आत पाणी उकळायला लागलं होतं. मग डोरीनला हसू फुटलं. तिचा हात स्टेलाच्या पाठीवर आला, पण या वेळी तो आधारासाठी होता, कारण हसून हसून तिला उभं राहवेना.

दिवे पुन्हा लागले तेव्हा नेस्टर आपल्या तळव्याकडे बघत होता.

"सकाळी गार्थ येईल," तो म्हणाला. "त्याला सांगतो, फ्यूज राहू दे. भिंती उघड."

"पेटीसुद्धा?"

"पेटीसुद्धा." त्याने उसासा टाकला. घरातल्या सगळ्या पायऱ्यांचा मिळून तो एकच उसासा होता.

स्टेलाने कपात चहा ओतला, खुर्ची ओढून बसली आणि नेहमीसारखा एक मोठा घोट घेतला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" नेस्टर घाबरून अर्धा उठला.

"काही नाही," तोंडावर हात धरून ती म्हणाली. "गरम आहे."